घरची सांठवण व दप्तराची साक्ष
(जुन्नर-आंबेगांव प्रांत)

१. जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून निघालेल्या कागदांवर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु ते कागद ज्या घरांत राहिले त्या घरांत ते कोठें होते, कशांत होते व कोणत्या वस्तूंच्या शेजारीं होते, याविषयीं लिहिलेलें फारच थोडें आढळतें. संशोधक दप्तर पाहतो तें बहुधा ओसरीवर आणून ठेवलेलें पाहतो. माजघरांतील कोणत्या फडताळांतून, कोणत्या पेटाऱ्याच्या तळांतून, कोणत्या शालूच्या घडीखालून तें बाहेर आलें, हें त्याच्या टांचणांत येत नाहीं. वास्तविक कागद हा घरांत निराळा असा राहत नसे. वस्त्रें, भांडीं, दागिने व धान्य यांच्या सोबतीनें, त्यांच्याच नियमांनीं, आणि पुष्कळ वेळां त्यांच्याच कापडांत बांधलेला असा तो राहत असे. म्हणून घरगुती सांठवणीची पद्धति हा केवळ संसाराचा विषय नसून कागदपत्रांच्या परीक्षेचाहि विषय आहे, हें जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांच्या आधारें दाखवावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. हाच प्रांत निवडण्यास कारण आहे. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील ह्या मुलुखांत वस्तु मोजणें, सांठवणें व त्यांची नोंद करणें यांचा पुरावा दोन हजार वर्षांचा सलग मिळतो. नाणेघाटांतील लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा जो ब्राह्मी लेख आहे, त्यांत यज्ञप्रसंगीं दिलेल्या दक्षिणेची जंत्री आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणीं व वस्त्रें अशीं त्यांत एकामागून एक येतात. म्हणजे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास ह्या घाटांत कोरलेली ही एक यादच आहे, आणि त्या यादींत वस्त्र हें नाण्यांच्या व जनावरांच्या पंक्तीस बसलेलें आहे. घाटाच्या तोंडाशीं असलेला दगडी रांजण जकातीचा म्हणून लोक दाखवितात, तो तर प्रसिद्धच आहे.

३. जुन्नर भोंवतालच्या लेण्यांतील दानलेख पाहतां याहून एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत येते. एका लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टांकें दिल्याचें नमूद आहे. दुसऱ्या एका लेखांत ‘वसकार’ म्हणजे बांबूकाम करणारे, आणि ‘कासाकार’ म्हणजे कांसार, यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचें नमूद आहे. ह्या दोन धंद्यांचा विचार करावा. बांबूकाम करणारा कणग्या, पेटारे, सुपें व टोपल्या करतो. कांसार हंडे, घागरी व डबे करतो. दोघेहि सांठवणीचीं साधनें करणारे होत. त्यांच्या श्रेणी ठेवी संभाळण्याइतक्या पतीच्या होत्या, यावरून ह्या बाजारपेठेंत त्यांच्या मालास किती मागणी असली पाहिजे याचें अनुमान करतां येतें. ज्या घरांना कणगी व हंडा लागत होता, तीं घरें आज राहिलीं नाहींत. तीं साधनें पुरविणाऱ्यांचें नांव मात्र दगडावर राहिलें आहे.

४. मध्ययुगांत हीच व्यवस्था गडकोटांवर दिसते. शिवनेरीवर अंबरखान्याची इमारत आहे. जीवधनावर दगडी धान्यकोठार आहे. १६५७ च्या एप्रिल महिन्यांत शिवाजी महाराजांनीं रात्रीं शिड्या लावून जुन्नर शहर मारलें, त्या लुटींत तीन लक्ष होन व दोनशें घोडे यांच्याबरोबर जवाहीर व किंमती कापड हातीं लागल्याचें इतिहासांत नमूद आहे. कापड हें त्या काळीं अंगावर घालण्यापुरतें नव्हतें. तें सांठविलेलें द्रव्य होतें. प्रसंगीं तें मोडतां येई, बक्षीस देतां येई, गहाण टाकतां येई, आणि म्हणूनच तें नाण्याइतक्याच काळजीनें कुलुपांत राहत असे.

५. ह्या काळजीला राज्यकारभारांत खात्याचें स्वरूप आलें. सभासदानें १६९७ च्या सुमारास जिंजी येथें लिहिलेल्या बखरींत महाराजांचे अठरा कारखाने व बारा महाल सांगितले आहेत. निरनिराळ्या बखरींच्या याद्यांत थोडाफार भेद असला, तरी जामदारखाना, जवाहिरखाना, अंबरखाना, फरासखाना, मुदबखखाना व दप्तरखाना हे त्यांत येतात. रघुनाथपंत हणमंते यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या राजव्यवहारकोशांतहि दहा वर्गांपैकीं एक कार्यस्थानवर्ग असून अशा खात्यांच्या फारशी नांवांस त्यांत संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. यांतील जामदार ह्या शब्दाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. फारशींत ‘जामा’ म्हणजे वस्त्र, आणि ‘दार’ म्हणजे तें बाळगणारा. मूळ अर्थानें जामदार हा वस्त्रें संभाळणारा होय. पुढें जामदारखाना म्हणजे खजिना, जडजवाहीर व मौल्यवान् वस्तूंचें कोठार असा अर्थ रूढ झाला. वस्त्राच्या खोलींत द्रव्य शिरलें, तें वस्त्र व द्रव्य यांस एकच पहारा लागत होता म्हणून.

६. सरकारी कारखान्यांची ही वांटणी लहान प्रमाणांत प्रत्येक नांदत्या घरांत होती. कोठीघर हा घरचा अंबरखाना. देवघराशेजारची काळोखी खोली हा घरचा जामदारखाना. ओसरीवरील कारकुनाची बैठक हा दप्तरखाना. जाड भिंतींच्या वाड्यांत भिंतींच्या पोटांत बळद बांधीत. वरून धान्य ओतावें व खालच्या भोंकांतून काढावें, अशी त्याची रचना असे. भिंतींतच कोनाडे, देवळ्या व लांकडी दारांचीं फडताळें असत. स्वयंपाकघरांत मोठ्या मडक्यावर लहान अशी उतरंड रचलेली असे. दूधदुभतें शिंक्यावर टांगलेलें, अंथरुणें दांडीवर टाकलेलीं, आणि वर माळ्यावर वर्षांतून एकदां लागणारें सामान. ज्या वस्तूला हात रोज लागावयाचा ती हाताच्या उंचीवर; जी सणावारीं लागावयाची ती पेटाऱ्यांत; जी पिढींतून एकदां लागावयाची ती तळाशीं किंवा माळ्यावर. असा हा न लिहिलेला कायदा होता. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशांत घरांतील अशा जागांचे व साधनांचे शब्द विपुल आहेत. हा कोश केवळ अर्थासाठीं न पाहतां घराचा नकाशा म्हणूनहि पाहण्यासारखा आहे.

७. मात्र हा कायदा सर्व प्रांतांत एकसारखा नव्हता, आणि ह्या दोन तालुक्यांत तर पूर्व-पश्चिम भेद फार आहे. पश्चिमेस नाणेघाट ते भीमाशंकर हा घाटमाथा अतिवृष्टीचा. पूर्वेस नारायणगांव-मंचरकडील भाग उत्तरोत्तर कोरडा. जमिनींत खणलेलें पेव हें कोरड्या मुलुखाचें साधन आहे. घाटमाथ्यावर तें पाण्यानें भरेल. म्हणून तिकडे कारवीच्या कुडाच्या घरांत शेणामातीनें लिंपलेली बांबूची कणगी जमिनीपासून उंच ठेवावी, आणि ओल सोसणार नाहीं अशी वस्तु चुलीवरील माळ्यावर चढवावी, हीच रीत सोयीची. चुलीच्या धुरानें वस्तु काळवंडते खरी, पण तिला ओल व कीड सहसा धरत नाहीं. संग्राहकांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, ह्या भागांतून आलेला धुरानें काळा पडलेला कागद हा निष्काळजीपणाचाच पुरावा असेल असें नाहीं. पुष्कळ वेळां तो काळजीचा पुरावा असतो. चार महिने सूर्य दिसत नाहीं अशा ठिकाणीं कोणीतरी विचार करून तो चुलीवर ठेवला होता.

८. आतां वस्त्रांची ठेवण पाहूं. शालू, पैठण्या, शेले, पागोटीं अशीं जरीचीं वस्त्रें जुन्या मऊ धोतराच्या किंवा लुगड्याच्या धुतलेल्या तुकड्यांत गुंडाळून सागवानी अगर शिसवी पेटींत ठेवीत. पेटी जमिनीवर न टेकतां पायांवर किंवा विटांवर असे, म्हणजे वाळवी चढली तर दृष्टीस पडे. आंत वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा वाळलेला पाला व कापूर घालीत. जरीची घडी वर्षानुवर्षें एकाच रेघेवर राहिली तर वस्त्र त्या रेघेवर फाटतें. म्हणून मधून मधून घडी मोडून निराळी घालीत. पावसाळा सरल्यावर, आश्विनाच्या उन्हांत, पेट्या रिकाम्या करून सर्व वस्त्रांस ऊन दाखवीत; तें प्रखर उन्हांत न दाखवितां पडवींत किंवा सांवलीच्या वाऱ्यांत दाखवीत. सोंवळ्याचें वस्त्र ह्या सर्वांपासून निराळें, उंच दांडीवर, काठीनेंच घालावयाचें व काठीनेंच काढावयाचें.

९. ह्या प्रत्येक नियमाच्या पुढें कागदाचा नियम मांडून पाहावा. कागदहि जुन्या धुतलेल्या कापडांत बांधीत. पोथ्यांच्या बासनांतहि वेखंड, निंबाचा पाला व क्वचित् सापाची कात घालीत. घडीच्या रेघेवर फाटणें हा तर जुन्या मोडी पत्रांचा नेहमींचा रोग आहे. लांब बंद गुंडाळून ठेवले तर टिकतात, घडी घातले तर मोडतात. आश्विनांतच सरस्वतीपूजन व दसरा येतो. त्या वेळीं पोथ्या व दौती बाहेर निघत, झाडल्या जात व पुन्हां बांधल्या जात. वस्त्रांस वारा देण्याचा व कागदांस वारा देण्याचा काळ एकच होता, आणि तें करणारे हातहि पुष्कळ घरीं एकच होते.

१०. भाषाहि हेंच सांगते. दप्तराच्या गाठोड्यास आपण रुमाल म्हणतों. फारशींत रुमाल म्हणजे तोंड पुसण्याचें वस्त्र. ‘बस्ता’ म्हणजे बांधलेलें. हिंदींत त्यानें कागदांचें गाठोडें दाखविलें जातें, आणि मराठींत लग्नाच्या कापडखरेदीस बस्ता म्हणतात. ‘फर्द’ म्हणजे यादीचा सुटा कागद, त्यावरून फडणीस. दप्तर हा शब्द तर ग्रीक भाषेंत कातड्यास जो शब्द आहे त्यापासून अरबी-फारशीमार्गें आला. पुण्याच्या पेशवे दप्तरांत आजहि कागदांची गणना हजारों रुमालांनीं होते. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० नंतरच्या थोड्याच वर्षांत त्या दप्तरांतून निवडीचे पंचेचाळीस भाग काढले, ते ह्याच कापडी गांठी सोडून. घरच्या पेटींतील बोचकें हेंच राज्याच्या दप्तराचें परिमाण झालें.

११. जुन्नरच्या बाबतींत हा संबंध याहूनहि जवळचा आहे. जुन्नर हें हातकागदाचें प्रसिद्ध ठिकाण होतें; जुन्नरी कागद हें नांव संग्राहकांस सांगावयास नको. कागदी लोक जुनें गोणपाट, चिंध्या व रद्दी कुजवून, कुटून, त्याचा लगदा करीत. चौकटींतील गवताच्या पडदीवर तो उचलून ताव काढीत. खळ देऊन वाळवीत व गुळगुळीत दगडानें घोटीत. म्हणजे जें कापड घरांत बांधण्याच्या कामींहि उपयोगी उरलें नाहीं, त्याचा कागद होई. त्यावर लिहिलें जाई. आणि तो पुन्हां कापडांत बांधला जाऊन पेटींत पडे. वापरलेली वस्तु टाकावयाची नाहीं, तिला खालची जागा द्यावयाची, हा घरच्या सांठवणीचा मुख्य नियम. जुन्नरी कागद हें त्या नियमाचें फळ होय.

१२. इतक्या विवेचनानंतर मुख्य मुद्द्याकडे येतों. घरांत जागा ही किंमत दाखवीत असे. वतनाची सनद, महजर किंवा निवाडपत्र हें दागिन्यांच्या व जरीच्या वस्त्रांच्या पेटींत, किंवा बांबूच्या अगर पत्र्याच्या नळकांड्यांत, घरधन्याच्या किल्लीखालीं असावयाचें. चालू वर्षाचे हिशेब व खतें ओसरीजवळच्या फडताळांत. पोथ्या देवघरांत. काम सरलेलीं पत्रें माळ्यावर. म्हणून एखादें साधें दिसणारें पत्र शालूच्या घडींत मिळालें, तर तें त्या घराला साधें वाटत नव्हतें एवढें निश्चित. आणि एखादा भपकेदार शिक्क्याचा कागद माळ्यावरच्या रद्दींत मिळाला, तर त्याचा हक्क मागेंच संपला होता काय, अथवा तो घराण्यानें खरा मानला नव्हता काय, असा प्रश्न विचारला पाहिजे. बनावट सनदांची परीक्षा करतांना अक्षर, शिक्का, मायना व कागद पाहतात. त्यांत ‘ठिकाण’ हें पांचवें अंग घालावें, असें आमचें म्हणणें आहे.

१३. तसेंच सोबतीचें. मोडी कागदांत पुष्कळांवर शक नसतो; नुसता चंद्र असतो, किंवा तोहि नसतो. असा कागद सुटा हातीं आला तर त्याचा काळ अक्षरावरून अंदाजानें ठरवावा लागतो. पण तोच कागद ज्या गांठोड्यांत होता त्यांत लग्नाची याद, भांड्यांचा झाडा किंवा वांटणीचें विभागपत्र शकासह असेल, तर त्याला एक शेजार मिळतो व त्यावरून मर्यादा घालतां येते. विभागपत्रांत सोनें, रुपें, तांबें, पितळ, कापड, गुरें अशा सदरांनीं घराची मांडणीच उतरलेली असते. असें पत्र हातीं घेऊन तोच वाडा पाहिला, तर कोणती खोली कोणत्या भावाकडे गेली व तिच्याबरोबर कोणतें दप्तर गेलें, याचा माग काढतां येतो. एकाच घराण्याचें दप्तर दोन ठिकाणीं अर्धें अर्धें कां सांपडतें, याचें उत्तर पुष्कळदां राजकारणांत नसून भाऊबंदकीच्या वांटणींत असतें.

१४. यावर असा आक्षेप येईल कीं, घरांतील आजची जागा ही मूळची जागा नव्हे. पिढ्यान् पिढ्या सामान हलतें, आगी लागतात, वाडे पडतात. आक्षेप खरा आहे. परंतु त्यावरून जागा नोंदूंच नये असें ठरत नाहीं. उलट, जागा व ती कधीं बदलली हें दोन्ही नोंदावें, एवढेंच ठरतें. आणि हें सांगणारा साक्षी बहुतेक घरांत असतो. तो म्हणजे घरांतील वडील बाई. कागद लिहिले कारकुनांनीं व घरधन्यांनीं. पण पेटींत ते कोठें बसवावे, कोणत्या कापडांत बांधावे, कोणत्या दिवशीं त्यांस वारा द्यावा, हें पाहणारी व किल्ल्या कमरेस लावून वावरणारी तीच होती. घरोघरच्या जामदारखान्याची जामदार तीच. दप्तरांत तिचें नांव नाहीं. आपण दप्तर मागावयास जातों तें घरच्या कर्त्या पुरुषाकडे. आणि हा पेटारा पूर्वीं कोठें होता, थोरल्या सासूबाईंच्या काळीं त्यांत काय होतें, हें ज्या म्हातारीला पाठ आहे तिला प्रश्न न विचारतां परत येतों. तिच्याबरोबर जातें तें कोणत्याहि रुमालांत मिळणार नाहीं.

१५. हें सांगण्याची घाई आहे. घोड नदीवर डिंभे येथें धरण झालें आणि ज्या गांवाचें नांव तालुक्यास आहे तें जुनें आंबेगांवच पाण्याखालीं गेलें. तालुक्याचें ठाणें घोडेगांव. नांव मात्र बुडालेल्या गांवाचें. गांव उठतें तेव्हां माणसें व भांडीं हलवितां येतात. बळद, कोनाडा, फडताळ व माळा हलवितां येत नाहींत. वस्तु निघते, तिची जागा राहते, आणि जागेबरोबर तिचा अर्थ बुडतो. जेथें पाणी आलें नाहीं तेथें काळाचा ओघ तेंच काम करीत आहे. जुन्नरचे वाडे पडून नवीं घरें होत आहेत. लोखंडी कपाटांत सर्व वस्तूंस एकच खण मिळतो. पेटारे मोडीच्या भावानें जातात. त्यांतील कागद व्यापाऱ्याच्या हातीं गेले कीं, तो गांठोडें सोडतो, शिक्क्याचे कागद एका बाजूस व बिनशिक्क्याचे दुसऱ्या बाजूस करतो, आणि कापड फेकून देतो. कागद वांचतात, दप्तर मरतें.

१६. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ मध्यें मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला व पुढें तें काम बावीस खंडांपर्यंत गेलें, तेव्हां कागद नाशापासून वांचविणें हाच मुख्य धर्म होता, आणि तो त्यांनीं पायपीट करून पाळला. आज वांचलेल्या कागदांची साक्ष पुरती घेणें हा आपला धर्म आहे. त्यासाठीं फार खर्च लागत नाहीं. दप्तर हलविण्यापूर्वीं तें जेथें आहे तेथें त्याचें छायाचित्र घ्यावें. खोली, भिंत, उंची, पेटी व पेटींतील थर यांचें टांचण करावें. वरचा थर, मधला थर व तळ हे निराळे ठेवावे. एका गांठींतील कागद दुसऱ्या गांठींत मिसळूं नयेत, मग ते कितीहि किरकोळ वाटोत. बांधलेलें कापड फेकूं नये. तें लुगड्याचें, धोतराचें कीं पागोट्याचें, काठ कसा, ठिगळ कोठें, हें लिहून तें त्याच कागदांच्या क्रमांकाखालीं जपावें. आंत निघालेला वेखंडाचा तुकडा किंवा सुकलेला पालाहि लखोट्यांत घालून ठेवावा. आणि उठण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वडील बाईस माजघरांतून बोलावून, हें येथें कोणीं ठेवलें होतें, एवढा एक प्रश्न विचारावा व उत्तर तारखेसह तिच्याच शब्दांत उतरून घ्यावें.

१७. जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत अद्यापि न उघडलेल्या पेट्या असतील, असें मानून चालणेंच हिताचें आहे. ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल त्यांनीं ती साफसूफ करून, कागद निवडून, नीट लावून आमच्याकडे आणूं नये, अशी विनंती आहे. ती जशी आहे तशी राहूं द्यावी, आणि संशोधकास घरीं बोलवावें.